नाईटनंतरची दहा मिनिटं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, मी एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षात, इन्चार्ज सिस्टर आहे. वॉर्मर, म्हणजे बाळांना ऊब देणाऱ्या खाटा, 14; बाळं कधी 18, कधी 20. स्टाफ 13 जणींचा, त्यातल्या 9 कंत्राटी. या पावसाळ्यात 9 दिवसांत आमच्याकडची 4 बाळं गेली. शेवटचं 1,100 ग्रॅमचं होतं. 19 दिवस सांभाळलं त्याला. नळीनं दिलेलं दूध पचायला लागलं होतं, आई छातीशी घेऊन बसायला लागली होती. पहाटे साडेचारला ते गेलं. त्या नाईटला असलेली मुलगी 24 वर्षांची आहे. तेव्हापासून ती दर पाच मिनिटांनी मॉनिटरच्या अलार्मचं सेटिंग तपासते, ड्युटी संपली तरी घरी जात नाही, दोनदा बाथरूममध्ये रडताना सापडली. दुसरीनं बदलीचा अर्ज दिलाय. एक सीनियर सगळ्यांसमोर म्हणाली, 'एवढं रडू येतं तर नर्सिंगला यायचंच कशाला?' तेव्हापासून दोन गट पडलेत, पाळी बदलताना, हँडओव्हरला, एकमेकींकडे बघतसुद्धा नाहीत. वरून ताणतणाव व्यवस्थापनाचं तासाभराचं व्याख्यान ठेवलं. त्यात टाळ्या वाजवून हसायला लावलं. मुली हसल्या आणि बाहेर आल्यावर आणखी गप्प झाल्या. मी स्वतः त्यांच्यासमोर एकदाही रडलेली नाही. माझ्या टीमला मनानं कणखर कसं करू?

– एक परिसेविका

सिस्टर,

तुमचं पत्र वाचून थोडा वेळ मी नुसती बसून राहिले. मी 31 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली 11 लहान मुलांच्या वॉर्डात. पहाटेचे साडेचार म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. फोटोथेरपीचा, कावीळ उतरवणारा, निळा उजेड तेवढा चालू असतो, सक्शन नुकतंच बंद झालेलं असतं, श्वास द्यायची ॲम्बू बॅग ट्रेमध्ये तिरकी पडलेली असते. डॉक्टर घड्याळाकडे बघून केस पेपरवर वेळ लिहितात. सीनियर नोंदी पुऱ्या करायला बसते. बाळाच्या नाकातली नळी काढायची, चिकटपट्टीचे डाग पुसायचे, स्वच्छ कापडात गुंडाळायचं आणि घेऊन बाहेर नातेवाइकांपुढे जायचं, हे काम बहुतेक वेळा ड्युटीवरच्या सगळ्यात लहान मुलीच्या वाट्याला येतं. एवढ्याशा बाळाच्या कातडीवरून चिकटपट्टी किती हळू काढावी लागते ते तुम्हाला सांगायला नको. बाळ गेलेलं असलं तरी ती तितक्याच हळू काढते. मग हात धुते आणि सहाचं दूध द्यायला पुढच्या वॉर्मरकडे वळते. आठला हँडओव्हर. "सात नंबर एक्स्पायर्ड, चार तीस. आठ नंबर, वजन चौदाशे वीस, दोन तासाला दहा मिली…"

तुमच्या पत्रात बाळाचं वजन आहे, दिवस आहेत, वेळ आहे. एकच गोष्ट मला सापडली नाही. त्या सकाळी आठ वाजल्यानंतर त्या मुलीशी कोण बोललं? बहुधा कुणीच नाही. सकाळच्या पाळीची धावपळ, राउंड, रात्री दुसऱ्या रुग्णालयांतून पाठवलेली रेफरची बाळं. कुणी मुद्दाम टाळलं असेल असं मला वाटत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच दिसतं.

'कणखर' या शब्दाची मला जरा भीती वाटते. आपल्याकडे कणखर म्हणजे जिला काही लागत नाही ती. अशा पुष्कळ जणी मी पाहिल्या, काही वर्षं मीही तशीच होते. लागायचं सगळ्यांनाच. फक्त ते घरी पोरांवर निघायचं, नाहीतर वॉर्डाच्या दाराशी उभ्या असलेल्या एखाद्या आईवर, "गर्दी करू नका, बाहेर बसा" म्हणताना.

हवाई बेटांतल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबीत, घरातल्या भांडणांत, आईबापांच्या व्यसनात किंवा मनाच्या आजारपणात वाढली होती. अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली उभी राहिली. ती कशामुळे सावरली हे शोधताना स्वभावाच्याही काही गोष्टी सापडल्या. पण पुन्हा पुन्हा दिसलं ते हे, की त्या प्रत्येकाला भरवशाचं एक तरी मोठं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाच्या शाळेतल्या बाई. तुमच्या 13 जणींनाही मी हेच लावून बघते. कुणाचा स्वभाव हळवा आणि कुणाचा घट्ट, हे तुमच्या हातात नाही. वाईट रात्रीनंतर कोण कुणाजवळ बसणार हे मात्र तुम्ही ठरवू शकता, आणि आज ते ठरलेलं नाही.

आधी त्या 24 वर्षांच्या मुलीचं बघू. तिला केबिनमध्ये बोलावू नका. केबिनमध्ये बोलावणं म्हणजे मेमो, असंच आपल्या मुली समजतात. ड्युटी सुटायच्या वेळी कॅन्टीनच्या बाकावर नाहीतर लिनन रूममध्ये तिच्याजवळ बसा. "कशी आहेस?" विचारलंत तर "ठीक आहे सिस्टर" एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा, "त्या रात्रीचं कुठलं सारखं आठवतं गं तुला?" आणि मग गप्प राहा. दोन मिनिटं ती काही बोलणार नाही. राहू दे.

दर पाच मिनिटांनी अलार्म तपासणाऱ्या मुलीच्या मनात अलार्मचंच काहीतरी अडकलेलं असणार. कदाचित तिनं तो म्यूट केला असेल. पायावरचा ऑक्सिजन मोजणारा प्रोब निसटला की तो रात्रभर सारखा वाजत राहतो आणि आपण प्रत्येकीनं तो कधी ना कधी म्यूट केलेला आहे. कदाचित ती तेव्हा शेजारच्या बाळाची शीर शोधत असेल आणि वळून बघायला उशीर झाला असेल. ते काय आहे ते तिच्या तोंडून येऊ द्या. इथे आपण भली माणसं हमखास एक चूक करतो. घाईघाईनं म्हणतो, "तुझी काही चूक नव्हती गं." तिनं अजून काही सांगितलेलंच नसतं. ती मनात म्हणते, यांना खरं कळलं तर या असं म्हणणार नाहीत, आणि तिचं दार आणखी घट्ट बंद होतं.

ऐकून झालं की तिला केस पेपर घेऊन तुमच्या बालरोगतज्ज्ञांजवळ बसवा. तासातासाच्या नोंदी पुढे ठेवून, काय झालं असावं ते त्यांनी तिला सांगावं. एवढ्या कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग काही तासांत कसा घेरतो, आतड्याचा दाह कसा अचानक वाढतो, श्वास का थांबतो, हे पुस्तकातून शिकणं वेगळं आणि आपल्या सात नंबरच्या बाळाबद्दल ऐकणं वेगळं. कधीकधी काहीतरी खरंच उशिरा झालेलं असतं. असेल तर तेही तिला सरळ सांगावं, आणि त्याबरोबर हेही, की पुन्हा तसं होऊ नये म्हणून वॉर्डात आपण काय बदलतोय. रात्रभर मनात फिरणाऱ्या शंकेपेक्षा कळलेली गोष्ट पेलायला सोपी जाते, असा माझा अनुभव आहे.

अमेरिकेतल्या डॉ. अल्बर्ट वू यांनी 2000 साली अशा कर्मचाऱ्यांना 'दुसरा बळी' असं नाव दिलं. पहिला बळी रुग्ण. पण ज्याच्या हातून किंवा डोळ्यांदेखत ते घडलं तोही आतून मोडतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे या शब्दावर टीका झाली. ज्या आईचं बाळ गेलं तिच्या शेजारी स्वतःला बळी म्हणवणं बऱ्याच जणांना पटलं नाही. मलाही तो शब्द नको वाटतो. पण तो निघाला म्हणून रुग्णालयांना आपल्याच माणसांकडे बघायला भाग पडलं, हे मानायला हवं.

एक लक्षात ठेवा. महिना उलटला तरी झोप लागत नसेल, तीच रात्र डोळ्यांपुढे येत असेल, ड्युटीच्या विचारानं छाती धडधडत असेल, तर तुमचं बोलणं पुरेसं नाही, तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि जगण्यात काही अर्थ नाही असं काही ती बोलली तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या, आणि तोवर तिला एकटी सोडू नका. तुमच्याच इमारतीत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असेल, पण आपल्याच रुग्णालयात केस पेपर काढायला मुली धजत नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो नंबर तिला एकटीला देऊ नका. ड्युटी रोस्टरच्या खाली सगळ्यांसाठी लिहून ठेवा, म्हणजे कुणासाठी आहे हा प्रश्नच उरत नाही.

आता पुढचं बाळ जाईल तेव्हाचं. ते जाणार आहे हे आपण दोघीही जाणतो, म्हणून आधीच ठरवून ठेवूया.

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या परिचारकानं एक साधी रीत पाडली. रुग्ण गेला की लगेच पांगायचं नाही. कुणीतरी एकजण सांगतो की थोडं थांबूया, हे कुणाचं तरी आपलं माणूस होतं, आणि त्याच्यासाठी आपण सगळे झटलो. मग मिनिटभर शांतता. कुठल्या धर्माची प्रार्थना नाही, भाषण नाही. ही रीत पुढे पुष्कळ रुग्णालयांनी उचलली. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे वेळ कुठे आहे. मिनिटभर आहे, सिस्टर. बाकीची बाळं सोडून कुणी यायचं नाही. जी जिथे आहे तिथे, वॉर्मरवर हात ठेवून उभी राहील. मावशींना आणि मामांनाही बोलवा. बाळाचे कपडे बदलायला हात लावणाऱ्या मावशी, नातेवाइकांबरोबर गाडीपर्यंत जाणारे मामा, यांना आपण टीममध्ये धरतच नाही. माझ्या वॉर्डात एक मावशी होत्या. दर वेळी बाळ गेल्यावर त्या स्टोअरमध्ये जाऊन पाच मिनिटं जुन्या कपड्यांच्या घड्या घालत बसायच्या. मला वाटायचं कामचुकारपणा करतात, आणि मी एकदा ओरडलेही होते. त्या काय करत होत्या ते कळायला मला फार वर्षं लागली.

मग सकाळची दहा मिनिटं. हँडओव्हर झाल्यावर, नाईटवाल्या पर्स उचलायच्या आत. येणाऱ्या पाळीतल्या दोघी बाळांजवळ, बाकीच्या सगळ्या तुमच्या टेबलाभोवती. चहा आधी मागवून ठेवा, थर्मासमध्ये. तुम्ही तीन-चार वाक्यांत सांगा: कुठलं बाळ, किती दिवसांचं, काय काय केलं. मग एक गोष्ट नाव घेऊन सांगा, जी नीट झाली. "तू फार चांगलं काम केलंस" असलं मोघम सांगू नका, ते कुणाला चिकटत नाही. "साडेतीनला तू त्याचा रंग बदललेला बघितलास आणि डॉक्टरांना उठवलंस" असं सांगा. कुणाला काही बोलायचं असेल तर बोलेल. नसेल तर चहा पिऊन उठायचं. शेवटी एकच विचारायचं, घरी कशी जाणार? रात्रभर जागून, असलं काही बघून, मुली स्कूटीवरून हायवेला लागतात. त्या दिवशी तिला कुणाच्या तरी मागे बसून जाऊ दे. संध्याकाळी तिला फोन कोण करणार तेही तिथेच ठरवा, आणि तो फोन दर वेळी तुम्हीच करायचा असं नाही.

बोलायची सक्ती मात्र करू नका. हे मी जोर देऊन सांगते, कारण पूर्वी आपल्या क्षेत्रात उलट शिकवलं जायचं. आघातानंतर माणसांना एका बैठकीत बसवून सगळं बोलायला लावायचं, भावना बाहेर काढायच्या, म्हणजे पुढे त्रास होत नाही, अशी समजूत होती. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र पडताळते; तिच्या 2002 च्या आढाव्यात अशा एकाच बैठकीच्या उपायाचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा आघातानंतरचा आजार त्यानं टळतो असं दिसलं नाही, आणि एका अभ्यासात तर ज्यांना बोलतं केलं त्यांचा त्रास पुढे जास्त निघाला. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011 ची पुस्तिका वेगळं सांगते. माणसाकडे लक्ष द्या, ऐका, आणि लागेल त्या मदतीशी त्याला जोडून द्या. खोदून विचारू नका. चहा, सोबत, घरी पोचवणं, हे त्यातच आलं. तुमच्याकडच्या त्या व्याख्यानाबद्दल मी एवढंच म्हणेन, की चार बाळं गेल्यानंतर टाळ्या वाजवून हसायला लावणं त्या मुलींना झोंबलं असणार आणि तुम्ही ते वरच्यांना सांगायला हवं.

तुमच्या त्या सीनियरबद्दल. तिचा राग येणं साहजिक आहे, पण तिला सगळ्यांसमोर झापू नका, नाहीतर गट आणखी पक्के होतील. तिच्याशीही एकटीशीच बोला. माझी पैज आहे, तिच्या पहिल्या वर्षी तिला कुणीतरी अगदी हेच वाक्य ऐकवलं असणार. तिला विचारा, "तुमच्या हातातलं पहिलं बाळ गेलं तेव्हा तुम्हाला कुणी सांभाळलं होतं?" मग बघा काय होतं. मी हा प्रश्न माझ्यापेक्षा मोठ्या एका सिस्टरना विचारला होता. त्यांनी मला बाळाचं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, 26 वर्षांनंतर. एवढं बोलून झालं की तिला एक काम द्या. नाईटनंतर नव्या मुलीला संध्याकाळी फोन करायचं काम. आणि हेही स्पष्ट सांगा, की रडण्यावरून कुणी कुणाला वॉर्डात बोलायचं नाही, त्यात तडजोड होणार नाही. कंत्राटी आणि कायम हा भेदही या भांडणात आहे का, तेवढं बघा. पगार वेगळा, रजा वेगळ्या, उद्याची खात्री वेगळी. मग दुःखही कुणाचं मोठं यावर भांडणं लागतात.

आता एक गोष्ट माझी. नोकरीचं दुसरं वर्ष. एका मुलाला सलाईन लावलं. लहान मुलांचा मायक्रोड्रिप सेट असतो, 60 थेंबांचा 1 मिली. त्या दिवशी सेट संपले होते म्हणून मोठ्यांचा, मोठ्या थेंबांचा साधा सेट लावला, आणि थेंब मात्र मायक्रोच्या हिशेबानं मोजून सोडले. पाऊण तासानं बाटलीकडे बघितलं आणि माझ्या पायांतलं बळच गेलं. मी धावत जाऊन सांगितलं. मूल सुदैवानं ठीक राहिलं. पण इन्चार्जनी मला वॉर्डाच्या मधोमध, त्या मुलाच्या आजीसमोर, जे सुनावलं ते आजही कानात आहे. त्यानंतर दोनेक वर्षं मी माझी एकही चूक कुणाला सांगितली नाही. चुका होत होत्या. कुठे पाच मिनिटं उशीर, कुठे नोंद राहिली, एकदा लेबल उलटं लागलं. मी गुपचूप निस्तरत राहिले आणि रोज रात्री घाबरत झोपत राहिले. बाहेरून बघणाऱ्याला मी मोठी शांत, कणखर मुलगी वाटत होते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या टीम्स अभ्यासल्या. ज्या टीम चांगल्या चालतात तिथे औषधांच्या चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या. शोधल्यावर दिसलं की तिथे चुका सांगायची भीती नव्हती, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. मी हे खूप उशिरा वाचलं आणि मला ती दोन वर्षं आठवली. तुमच्या वॉर्डात गेल्या महिन्यात किती चुका नोंदल्या गेल्या, सिस्टर? उत्तर 'एकही नाही' असेल तर आनंद मानू नका. आठवड्यातून एकदा, राउंडनंतर, स्वतःपासून सुरुवात करा. "या आठवड्यात माझ्याकडून हे राहिलं." तुमच्यानंतर डॉक्टरांनी बोलावं म्हणून त्यांना आधी गळ घाला. ज्या वॉर्डात डॉक्टर "माझ्या लक्षात आलं नाही" असं म्हणतात, तिथे पोरींना बोलायला फार दिवस लागत नाहीत.

पण एवढं सगळं केलंत आणि 14 वॉर्मरवर 20 बाळं तशीच राहिली, तर मी वर सांगितलेलं फार काळ टिकणार नाही. हे तुम्हाला सांगितलं नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट' घेतलं तेव्हा तो वैयक्तिक आजार म्हणून नाही घेतला; कामाच्या ठिकाणचा जो ताण सतत राहतो आणि आटोक्यात आणला जात नाही, त्याचा परिणाम म्हणून घेतला. थकलेल्या मुलीला श्वासाचे व्यायाम शिकवून 20 बाळं 14 होत नाहीत. दर पाळीला किती बाळं, किती परिचारिका, किती रेफर आली, रोज एका ओळीत लिहा. महिनाअखेर तो कागद अधिसेविकांमार्फत सिव्हिल सर्जनपर्यंत जाऊ दे, मंजुरी मिळो न मिळो. पुढे काही घडलं आणि बोट तुमच्या मुलींकडे वळलं, तर तोच कागद त्यांच्या बाजूनं बोलेल.

रोस्टर मात्र तुमच्याच हातात आहे. सलग नाईटचा आकडा जमेल तितका कमी करा. जिच्या पाळीत बाळ गेलं तिला लगेच पुढच्या रात्री त्याच कोपऱ्यात उभी करू नका. दिवसपाळी द्या, किंवा बाळं घरी जायच्या तयारीत असतात त्या बाजूला ठेवा. नवी मुलगी आणि जुनी एका नाईटला ठेवा, दोन नव्या नकोत. रात्री दोन ते चारमध्ये आळीपाळीनं वीस मिनिटं पाठ टेकायला मिळालीच पाहिजे. आपल्याकडे त्याला झोपा काढणं म्हणतात. त्या वीस मिनिटांमुळे इंजेक्शनचे हिशेब बरोबर येतात, हे कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

आणि तुम्ही. "मी त्यांच्यासमोर एकदाही रडले नाही" हे वाक्य तुम्ही थोडं अभिमानानं आणि थोडं थकून लिहिलंय असं मला वाटलं. हंबरडा फोडा असं मी म्हणत नाही. इन्चार्ज कोसळली तर वॉर्ड घाबरतो. पण 19 दिवस सांभाळलेल्या बाळाबद्दल तुमच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, तर त्या पोरींना वाटतं की रडणाऱ्या आपणच कच्च्या. एक वाक्य पुरे: "मलाही ते बाळ घरी जाईल असं वाटत होतं." डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. आणि तुमचं स्वतःचं कुठे बोलायचं, ते टीमबाहेर शोधा. शेजारच्या जिल्ह्यातली एखादी एसएनसीयू इन्चार्ज असेलच, प्रशिक्षणाला भेटलेली. दर रविवारी पंधरा मिनिटं फोन. घरच्यांना सॅच्युरेशन म्हणजे काय ते समजावण्यातच अर्धा वेळ जातो. तिला लगेच कळेल. माझी अशी एक मैत्रीण होती. आम्ही दोघी एकमेकींना कधीही सल्ला द्यायचा नाही, असं ठरवून बोलायचो.

अजून एक आहे, जे मला नोकरी सुटल्यावर सुचलं आणि आधी का सुचलं नाही याची चुटपुट लागून राहिली. बाळं रात्रीही जातात, पण घरी मात्र दिवसाच जातात. डिस्चार्ज सकाळी अकरानंतर होतो. आई नवी साडी नेसून येते, आजी पेढे वाटते, टोपडं घातलेलं बाळ दारातून बाहेर पडतं, आणि महिनाभर रात्र रात्र त्याला नळीनं दूध पाजणारी मुलगी तेव्हा घरी पडदे ओढून झोपलेली असते. तिच्या हिशेबात फक्त गेलेली बाळं जमा होत राहतात. म्हणून हँडओव्हरच्या वहीत एक रकाना वाढवा: काल कोण घरी गेलं, भरती झालं तेव्हाचं वजन, जातानाचं वजन. नाईटला येणाऱ्यांना तो आधी वाचून दाखवा, मग बाकीचं. पेढे आले तर दोन रात्रीसाठी बाजूला काढून ठेवा.

घरी गेलेली बाळं तपासणीला परत येतात तो वार तुमच्याकडे ठरलेला असेल. त्या मुलीला त्या दिवशी दिवसपाळी द्या आणि वजनकाट्याजवळ बसवा. तिनं रात्री सांभाळलेलं एखादं बाळ त्या रांगेत असेलच. त्याच्या आईला तुम्ही हळूच सांगा, रात्रीची सिस्टर हीच.